सुमाताईची ग्रंथी, माझा हेवा

मला माझ्या बहिणीच्या आजाराचा हेवा वाटायचा.

सुमाताई आज सकाळी गेली. नव्वदीला टेकली होती. आता लिहायला हरकत नाही.

१९५६ साली मध्यभारत राज्य मोडून नवा मध्यप्रदेश झाला आणि बाबांचं ऑफिस ग्वाल्हेरहून भोपाळला हललं. थाटीपूरचे सरकारी क्वार्टर्स रिकामे होऊ लागले. माझी मैत्रीण नलू गेली. मीही पेटी भरून बसले होते. बारा वर्षांची.

तेवढ्यात पाटावरून उठताना ताईच्या मांडीचं हाड मोडलं.
नुसतं उठताना!

दोन वर्षं ती "अंग दुखतं" म्हणायची आणि आम्ही तिला आळशी म्हणायचो. रक्त तपासलं तेव्हा कळलं. गळ्यातली पॅराथायरॉइड नावाची इवलीशी ग्रंथी वाढली होती. हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात सोडत होती.

बाबांनी भोपाळ नाकारलं. ताईला ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं. मला पाटणकर बाजारात काकूकडे ठेवलं.

"मला का नाही नेलं?"
"तुला काय झालंय?" काकू म्हणाली.

तेच तर. मला कधी काही व्हायचंच नाही.

ताई परतली. गळ्यावर आडवा व्रण. ग्रंथी काढल्यावर उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून घरातलं सगळं दूध तिला.
व्रण झाकायला सराफ्यातून ठुशी, तीही तिला.

एका दुपारी ती म्हणाली, "बेबी, बोटांना मुंग्या येतायत. आईला बोलाव."

रक्तातलं कॅल्शियम घसरल्याची ती खूण. हे लगेच सांगायचं असतं, मला ठाऊक होतं.
मी वेणी घालत राहिले.

"बेबी, अगं…"

ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

वळून पाहिलं तर तिचे दोन्ही हात वाकडे होऊन आखडले होते. तोंडातून शब्द फुटेना.
मग मात्र किंचाळत धावले.

डॉक्टरांनी शिरेत कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. हळूहळू तिची बोटं सुटली.

"अच्छा हुआ, टाइम पर बुला लिया. किसने बताया?"

ताईनं माझ्याकडे बघितलं.
"छोटी ने. फ़ौरन दौड़ी."

पुढे ती ठणठणीत झाली. शाळेत शिकवलं, पोरींबरोबर बॅडमिंटन खेळली. माझेच गुडघे आधी गेले.
त्याचाही हेवा केला मी.

काल तिच्या उशाशी बसून शेवटी म्हटलं, "ताई, त्या दुपारी मला ऐकू आलं होतं."

"माहीत आहे गं," ती म्हणाली.
आणि माझा हात धरून झोपली.

इतकी वर्षं माहीत होतं. एकदाही बोलली नाही.
असं मन मला का नाही मिळालं, ताई?

सुखानं जा. तुझ्या धाकटीचा नमस्कार.