वय चुकलेली मुलगी

सिंगापूरच्या विद्यापीठात संशोधक म्हणून मी दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधलं एक गरीब कुटुंब शोधत होते. वुडलँड्सहून एमआरटी ट्रेनने यायचं, दिवसभर स्क्रीनवर पुसट अक्षरं वाचायची आणि डोळे चोळत परत जायचं. त्यातल्या एका मुलीने मला पार वैताग आणला होता. एका जनगणनेत ती दोन वर्षांची, दहा वर्षांनंतरच्या जनगणनेत नाव तेच, पण वय आठ. वर्कहाउसात, म्हणजे निराधारांना राबवून पोसायच्या जागी, आली तेव्हाही वय असंच कमी. कारकुनांच्या नावाने बोटं मोडत मी ते दुरुस्त करून टाकलं.

मग एका जुन्या वर्तमानपत्रात चार ओळी सापडल्या. आई लोकांची धुणी धुवायला गेलेली असताना पहिल्या जनगणनेतली मुलगी उकळत्या पाण्याने भाजून मेली होती. पुढे झालेल्या मुलीला त्यांनी तेच नाव दिलं होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू असलं काहीतरी ठेवायचे, मरणाची नजर पडू नये म्हणून. गेलेल्याचं नाव परत कोण ठेवेल?

दुपारी जेवायला गेले तेव्हा हॉकर सेंटरमधल्या स्टॉलच्या गर्दीतून फोनवर आईला हे सांगितलं.

"तुझ्या आजोबांचं नाव धोंडू का होतं, कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

"त्यांच्या आधीच्या भावंडांची नावं काय होती?" मी विचारलं.

"बारशापर्यंत राहिली असती तर ठेवली असती ना," आई म्हणाली.