वाचून दाखवले, कबूल केले

सरकारचं काम तेव्हा दोन भाषांत चालायचं, असं म्हणतात. कसलं दोन भाषांत! लोक बोलायचे मराठीत आणि निकाल लागायचा इंग्रजीत. हे मी सांगतोय, कारण एकोणीसशे तीसनंतरची काही वर्षं मी नाशकातल्या एका कोर्टात कारकून होतो.

साक्षीदार मराठीत सांगायचा आणि न्यायाधीशसाहेब त्यातलं मुद्द्याचं तेवढं इंग्रजीत उतरवून घ्यायचे. साहेब आपल्यातलेच, घरी वरणभात जेवणारे. पण लेखणी हातात आली की मराठी त्यांना चालत नसे. मग तो कागद साक्षीदाराला मराठीत वाचून दाखवायचा, त्याचा अंगठा घ्यायचा आणि खाली 'वाचून दाखवले, बरोबर असल्याचे कबूल केले' असं लिहून सही ठोकायची, हे काम माझं. जेमतेम मॅट्रिक झालेला मी, पण आळीत रुबाब असा की माझ्यावाचून कोर्टाचं पान हलत नाही.

एके दिवशी सायखेड्याची एक विधवा साक्षीला उभी राहिली. विषमज्वरानं ती दोन महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा सहा वर्षांची मुलगी तिनं दिराकडे ठेवली. बरी झाल्यावर आणायला गेली, तर दीर म्हणाला, तू आम्हाला कायमची दिलीस. एकुलती एक पोर. ती परत मिळावी म्हणून तिनं कोर्टात अर्ज केला होता.

"मी बरी होईस्तोवर संभाळा म्हणले व्हते. कायमची नाय दिली," असं ती दोनदा म्हणाली. मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्या संध्याकाळी मला बोलपटाला जायचं होतं. नवीन लागला होता, मित्र बाहेर ताटकळत होते. साहेब उठून गेले, तसा मी कागद तिच्यापुढं सरकवला. "बाई, तुम्ही सांगितलं ते सगळं यात आहे. लावा अंगठा."

तिनं अंगठा पुढं केला आणि थांबली. "बरी होईस्तोवर म्हणले, ते लिवलंय ना भाऊसाहेब?"

"हो, लिहिलंय."

मी कागदावर नजरसुद्धा टाकली नव्हती. अंगठा घेतला, सही केली आणि पळालो. बोलपट काही खास नव्हता.

पुढं निकाल लागला. चार-आठ दिवसांनी ती बाई निकालाची नक्कल घेऊन माझ्याकडेच आली. कोर्टात तिच्या ओळखीचं दुसरं होतं कोण? व्हरांड्यात उभ्या उभ्या मी तिला मराठी करून सांगू लागलो. आईनं मुलगी राजीखुशीनं दिराकडे दिली, हे तिला स्वतःलाच मान्य आहे. परत न्यायची काही बोली झाली होती, असं ती आपल्या जबानीत कुठंच म्हणत नाही. सबब अर्ज नामंजूर.

तिला बसवून आत गेलो, दप्तरातून जबानी काढली. ते वाक्य नव्हतं. मी वाचून दाखवलं असतं तर तिनं तिथंच अडवलं असतं आणि साहेबांनी दुरुस्त केलं असतं. त्यासाठीच तर मला पगार होता. आताही साहेबांपुढं जाऊन खरं सांगता आलं असतं. पण नोकरी गेली असती आणि माझं नुकतंच लग्न ठरलं होतं. भेकड होतो, दुसरं काय.

बाहेर आलो, तर ती नकलेच्या घड्या घालत होती. माझ्यावर चिडेल, ओरडेल अशी तयारी करूनच मी गेलो होतो. तिनं चिडायला हवं होतं.

"तुमी तर लिवलंय म्हणले व्हते," ती म्हणाली. मग थोडा विचार करून स्वतःच म्हणाली, "मंग साहेबाच्या इंग्रजीत ते बसलं नसंल. तुमी तरी काय करनार."

मी म्हणालो, "तसंच झालं असेल, बाई."

तिनं मला हात जोडले आणि एकटीच सायखेड्याला परत गेली.