कंबर मोठ्यानं सांगणारे टेलरमामा

आपल्या देशाचं पोट नेमकं कधी सुटलं, हे छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो डॉक्टर नाही. नवीन पनवेलमध्ये आमच्या इमारतीखालच्या गाळ्यात शिलाई मशीन मांडून बसलेले हे टेलरमामा. मूळचे इथल्याच विचुंबे गावचे. मापाची एकही वही त्यांनी आजवर टाकलेली नाही. जुनी वही उघडून दाखवतात, "बगा, इथं छाती मोठी, कंबर बारीक. आता नवीन वही बगा. कंबर छातीला मागं टाकून गेली."

माप घेतलं की आकडा मोठ्यानं सांगायचा, शेजारच्या किराणावाल्याला ऐकू जाईल असा, ही मामांची खोड. वर सल्ला, "पँट गुरवारी देतो. त्याआधी रक्त तपासून या." एकदा होणाऱ्या सासऱ्यांसोबत आलेला नवरदेव पोट आत ओढून उभा राहिला. मामा म्हणाले, "श्वास सोडा जावयबापू. मला फसवाल, बटणाला कसं फसवाल?" सासरेबुवांनी जावयाला तसंच तपासणीला नेलं. लग्न झालं, जिलबी तेवढी नवरदेवाच्या ताटात पडली नाही.

कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी एकाच माणसात एकत्र वाढायचं प्रमाण देशभर चढतंय, खेड्यांत आणि तरुणांतसुद्धा, त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, अशी बातमी मी त्यांना एकदा वाचून दाखवली. सुईत दोरा ओवता ओवता मामा म्हणाले, "आत्ता कळलं त्यांना? आमच्या गावात भाताची शेतं होती तवा सगळे अठ्ठावीस. शेतं गेली, दारात गाड्या आल्या, आता अडतीसच्या खाली कोन गावत नाय."

इथवर हसून लिहिता आलं. पुढचं मी घरातही कधी बोललो नाही, आणि न बोलून आता थकलोय.

माझा धाकटा भाऊ कामोठ्यात क्लास चालवायचा. सकाळपासून खुर्चीत, दोन बॅचच्या मध्ये वडापाव. मी त्याला मामांकडे नेलं, तेव्हा गाळ्यात त्याच्याच विद्यार्थ्यांचे पालक बसले होते. मामा ओरडले, "चव्वेचाळीस! मास्तर, आधी साखर बगून या." भावाचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी मी एकटाच खाली गेलो. म्हणालो, "मामा, लोक कपडे शिवायला येतात, तपासणीला नाही. माझ्या भावाला यापुढे एक शब्द बोलायचा नाही." मामांनी मान डोलावली.

त्यानंतर भावाच्या पँटी तीनदा सैल करायला आल्या. पिशवी मीच नेऊन द्यायचो. मामा मुकाट्यानं शिवण उसवायचे, नवी टीप मारायचे. कंबर वाढतेय हे दिसत आम्हा दोघांनाही होतं.

या वर्षी भाऊ फळ्यासमोर उभा असताना कोसळला. डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, साखर आणि बीपी कित्येक वर्षांचं असणार. वेळेवर कळलं असतं तर बरं झालं असतं.

एका हातानं चढवता येईल अशी इलॅस्टिकची पँट शिवायला मामा स्वतःहून त्याच्या घरी आले. माप कुजबुजत घेतलं. जिना उतरताना मी म्हणालो, "मामा, तुम्हाला गप्प मीच केलं."

ते थांबले. कठड्याला धरून उभे राहिले.

"केलं खरं," ते म्हणाले. "पन दादा, आख्ख्या पनवेलात मी कोनाचं ऐकत नाय. तुमचंच तेवढं का ऐकलं, ते मला अजून उमगलं नाय."

मग आम्ही दोघंही तिथंच पायरीवर बसलो. खाली उतरायची घाई दोघांनाही नव्हती.