मधलं नाव राघो

१९९२ च्या ऑगस्टमध्ये, एका गुरुवारी, धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेच्या पत्त्यावर उघडं पोस्टकार्ड आलं. त्यावर 'कुमारी कुसुम राघो' असं नाव होतं आणि पुढे आमचं आडनाव. मजकूर छापील होता : 'आपल्या अंगावरील पांढऱ्या डागांसाठी आमच्या दवाखान्याचा खात्रीशीर उपचार घ्या.' कार्ड शिपायाने वाचलं, कारकुनाने वाचलं. मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पडलेलं होतं.

कुसुम माझी धाकटी बहीण. त्या शाळेत ती गणित शिकवत असे. आमच्या वडिलांचं नाव दामोदर. राघो नावाचं आमच्या घरात कधी कुणी नव्हतं. हे नाव कुठून आलं ते तिघांनाच माहीत होतं : कुसुमला, मला आणि जळगावला पिंप्राळ्यात राहणाऱ्या सुपडू आबांना.

सुपडू आबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याआधी पाच वर्षं. जळगावच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. जाहिरातीची खिडकी आमच्या टेबलापासून दहा पावलांवर. तिथे पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि नखांच्या कडांना तपकिरी रंग असलेला एक साठीचा माणूस उभा होता. स्वतःच्याच जाहिरातीतला एक शब्द काढून घ्यायला तो आला होता. 'अंजना लेप. कोडाचे डाग झाकण्यासाठी. टपालाने मिळेल,' एवढंच त्याने लिहून दिलं होतं. छापताना खिडकीवरच्या आमच्या जगतापांनी सुरुवातीला 'खात्रीशीर' घातलं होतं.

"आबा, सगळेच घालतात हो," जगताप म्हणाले. "न घालणारे तुम्ही पहिले."

"मंग पहिला मन्हा छाप."

"अहो, फुकट दिलाय शब्द."

"फुकटना बी नको. काढ."

"मग काय छापू? 'लावा, नाही तर नका लावू'?"

"हे चांगलं शे. छाप."

आणि खरोखरच पुढच्या रविवारपासून ती ओळ त्या जाहिरातीत शेवटी येऊ लागली.

आबा अमळनेरच्या एका कापड गिरणीत रंगखात्यात होते. नमुन्याच्या चिंधीवरून हुबेहूब रंग जुळवणं हे त्यांचं काम. त्यांच्या पत्नी अंजनाबाई यांच्या दोन्ही हातांवर कोड होतं. लग्नाकार्यात लोक त्यांच्या हातचं पाणी घेताना थबकायचे. आबांनी त्यांच्यासाठी त्यांच्या कातडीच्या रंगाचा लेप घोटला. गिरणीतलं काम सुटल्यावर ते जळगावला आले आणि तोच लेप डबीत भरून टपालाने पाठवू लागले.

त्यांची पद्धत अशी. चौकशीचं पत्र आलं की ते एक कार्ड पाठवत. त्यावर गव्हाळ ते काळा अशा बारा रंगांच्या पट्ट्या चिकटवलेल्या. गिऱ्हाइकाने सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसून पट्टी डागाशेजारी धरायची, जुळेल ती फाडायची आणि बंद पाकिटातून परत पाठवायची. रंग दोन पट्ट्यांच्या मधला असेल तर दोन्ही फाडायच्या. डबी व्ही.पी.ने जाई, पोस्टमनला पैसे देऊन सोडवायची. वर फक्त आबांचं नाव. लेपाचं नाही, डागाचं तर नाहीच. पोस्टकार्ड त्यांनी कधी वापरलं नाही. "पोस्टमन बी माणूसच शे," ते म्हणत.

आणखी एक नियम होता. चौकशी करणाऱ्याला ते पहिल्याच पत्रात लिहीत : 'वडिलांचं किंवा नवऱ्याचं खरं नाव देऊ नका. मधलं नाव काहीही लावा. टपाल पोचेल, आणि चुकून कुणाच्या हाती पडलंच तर तुमचं नव्हे म्हणता येईल.' हे सगळं एका लाल कापडी बांधणीच्या वहीत होतं : नाव, खोटं मधलं नाव, पत्ता, पट्टीचा क्रमांक. वही देवघराच्या फळीवर असे.

शहरात, कचेरीत ते प्रमाण मराठी बोलत. मुद्द्यावर आले की अहिराणीवर येत. "औषध नही भो, झाकण शे," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याची गणती नाही. "हात धुवा का लेप जास. डाग तठेच राहस." धंद्याबद्दल विचारलं तर म्हणत, "समोरनं गिऱ्हाईक भांडस. जे दिसत नही, त्यानाकरता कोण भांडी?" आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवत.

१९८९ मध्ये मी त्यांच्यावर रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. त्यासाठी पिंप्राळ्याला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी दोन दिवस बसलो. अंजनाबाईंनी चहा दिला तो उघड्या हातांनी. लेप का नाही लावला, असं मी विचारलं. त्या हसल्या. "घरमा कसाले लावू? घरना लोकेसले बठ्ठं माहीत शे."

त्या दोन दिवसांत रावेरहून एक डबी परत आली. सोबत चिठ्ठी : 'हा रंग माझा नाही.' आबांनी परत आलेली डबी उघडली, रावेरच्या बाईने पाठवलेली पट्टी दारातल्या उन्हात धरली आणि लेपाशी जुळवून पाहिली. माझ्या डोळ्यांना फरक दिसला नाही. आबा म्हणाले, "तिचं बरोबर आहे. माझा हात जड पडला." त्यांनी नवी डबी घोटायला घेतली आणि त्या बाईकडे परत काही मागितलं नाही.

प्रत्येक डबीत ते एक चिठ्ठी घालत. ती मी लेखात पूर्ण छापली : 'कुठे लग्न ठरत असेल तर हा लेप लावून बसू नका. समोरच्या माणसाला हात धुऊन दाखवा. मग त्याची मर्जी.' त्याच लेखात माझं एक वाक्य होतं : 'नावांची वही आबांशिवाय कुणीही पाहिलेली नाही.' लिहिलं तेव्हा ते खरं होतं.

कुसुमच्या डाव्या मनगटावर आणि बोटांच्या पेरांवर डाग दिसू लागले ते त्या सुमारास. ती लांब बाह्यांचं पोलकं घालू लागली. फळ्यावर लिहिताना बाही वर सरकू नये म्हणून मनगटाशी बटण लावून घेतलं. लेख तिने वाचला होता. बारा पट्ट्यांचं कार्ड मीच धुळ्याला नेलं. तिने सातवी पट्टी फाडली. मधलं नाव सुचेना. पत्रात तिने तसं आबांना कळवलं. उत्तर आलं, 'राघो लावा. माझ्या थोरल्या भावाचं नाव आहे. तो आता नाही, त्याची हरकत नसेल.'

तीन वर्षं डबी शाळेच्या पत्त्यावर येत राहिली.

१९९२ च्या उन्हाळ्यात कुसुमला अमळनेरचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होता. दोनदा येऊन गेला. दोघांना एकमेकांशी बोलायला वेळ पुरत नव्हता असं आई सांगे. कुसुमने घरात स्पष्ट केलं होतं की कुंकू लावण्याआधी ती त्याला स्वतः हात दाखवणार, तिला एकटीला बोलू द्यायचं. त्यासाठी तिने ऑगस्टमधला एक रविवार ठरवला. आबांची चिठ्ठी तिने गणिताच्या पुस्तकात जपून ठेवली होती.

कार्ड त्याच आठवड्यातल्या गुरुवारी आलं. शाळेतल्या एका बाईंचं माहेर अमळनेरचं. शनिवारपर्यंत बातमी तिकडे पोचली.

रविवारी मुलगा आला तो मामाला घेऊन. मी त्या दिवशी धुळ्यातच होतो. कुसुमने हात साबणाने धुतले होते. बाही कोपरापर्यंत दुमडून ती बाहेर आली.

"पोरी, लपवलंस," मामा म्हणाले.

"आज सांगणार होते, मामा."

"आज तर गावाला माहीत आहे."

मुलाने एकदा तिच्या हाताकडे पाहिलं, मग कपाकडे. "तुम्ही आधी बोलला असतात तर..." एवढंच तो म्हणाला. त्यांनी चहा घेतला आणि दुपारच्या एसटीने ते परत गेले. आठ दिवसांनी नकार आला.

त्या रविवारी संध्याकाळी कुसुम मला म्हणाली, "दादा, डाग दिसला त्याचं काही नाही. सांगणार मी होते."

सोमवारी मी जळगावला आलो आणि स्टँडवरून रिक्षाने थेट पिंप्राळ्याला गेलो. आबांच्या अंगणात काचेची नवी केबिन उभी होती. वर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. आत त्यांचा जावई बसला होता. आबा ओसरीवर होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मी आवाज दिल्यावर त्यांनी ओळखलं.

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांपासून चार बोटांवर धरलं आणि सावकाश वाचलं. नावापाशी थांबले.

"राघो," ते म्हणाले. "हे मी दिलेलं."

"वही कुणाला दिली, आबा?"

"परराज्यातल्या एका दवाखान्याचा माणूस आला होता. मला रंग दिसेनासे झाले. तिसरी आणि पाचवी पट्टी सारखीच दिसते. धंदा बंद करणार होतो. तो म्हणाला, आम्ही तुमच्या गिऱ्हाइकांना सांभाळू, लेप पाठवत राहू. नाही तर माणसं उघडी पडली असती."

"त्यांना विचारलंत का? गिऱ्हाइकांना?"

"नाही."

"का?"

"नाही म्हणाले असते."

अंगणात फोनची घंटा वाजली. जावयाने उचलला. मी विचारलं, "बदल्यात काय मिळालं?"

आबांनी केबिनकडे बोट दाखवलं. "त्याची परवानगी, मशीन, काच. सगळं त्यांनी करून दिलं. जावई तीन वर्षं रिकामा बसला होता. खोटं सांगत नाही मी तुम्हाला."

"लेपाऐवजी ते उपचार विकतायत, आबा. खात्रीशीर. कार्डावर."

"वाचलं."

त्या दिवशी ते अखेरपर्यंत प्रमाण मराठीत बोलले.

अंजनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात तसंच एक कार्ड होतं. "माले बी उनं," त्या मला म्हणाल्या. "मन्हं नाव वहीमा पहिलं शे." आबांनी मान वर केली नाही. अंजनाबाईंनी आत जाऊन चहा टाकला नाही, आणि मीही थांबलो नाही.

त्या दवाखान्याला मी दोन नोंदणीकृत पत्रं पाठवली. वही परत मागितली. पोच आली, उत्तर आलं नाही. आबांनी जावयाला घेऊन स्वतः तिकडे जाऊन पाहिलं. वहीतून नावं उतरवून झाली आहेत आणि वही आता सापडत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. हे मला जावयाने सांगितलं. आबांबद्दल दुसरा लेख लिहावा असं संपादकांनी सुचवलं. मी लिहिला नाही. लिहिला असता तर कोडाच्या गिऱ्हाइकांचा शोध धुळ्या-जळगावच्या प्रत्येक आळीत सुरू झाला असता.

दिवाळीच्या तोंडावर आबा कचेरीत आले. नातीचा हात धरून जाहिरातीच्या खिडकीपाशी उभे राहिले. माझं टेबल त्यांना ठाऊक होतं. ते तिकडे वळले नाहीत. त्यांनी सांगितलेला मजकूर जगतापांनी लिहून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला, म्हणून मला तो ऐकू आला :

'अंजना लेपाच्या गिऱ्हाइकांची नावे व पत्ते मी नकळत दुसऱ्यास दिले आहेत. तुम्हाला येणारी कार्डे त्यामुळे येत आहेत. त्यांच्याकडचा उपचार घेऊ नका. लेप बंद झाला आहे.'

"'नकळत' मी म्हटलं नव्हतं," आबा म्हणाले.

"मी घातलंय, आबा. लोक समजून घेतात."

"कळत व्हतं. काढ."

जगतापांनी लेखणी उचलली, पण खोडलं नाही. "आबा, एक शब्द राहू द्या. तुमच्या वयाकडे बघून तरी."

"काढ, भो."

त्यांनी कागद खिडकीतून बाहेर मागितला. शब्द कुठे आहे ते नातीने बोट ठेवून दाखवलं. आबांनी त्यावर रेघ मारली. रेघ शब्दाच्या थोडी खाली गेली, म्हणून पुन्हा मारली. जाहिरात तीन रविवार चौथ्या पानावर आली.

कुसुमने ती वाचली. कात्रण ठेवलं नाही. पुढच्या सत्रापासून तिने मनगटाचं बटण लावणं सोडलं. एका मुलीने वर्गात विचारलं, "बाई, भाजलं का?" ती म्हणाली, "नाही, कोड आहे. उदाहरण उतरवून घे." तिने लग्न केलं नाही. अमळनेरचा मुलगा पुढे कुठे गेला हे तिने विचारलं नाही.

पिंप्राळ्याचा बूथ चालत राहिला. अंजनाबाई दुसऱ्या मुलीकडे, चोपड्याला राहायला गेल्या. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यात एकच डोळा वाचला. त्यानंतर त्यांनी पुन्हा रंग घोटले असं कुणी सांगत नाही. १९९६ मध्ये ते वारले. आमच्या दैनिकात दोन ओळी आल्या. त्या जगतापांनी लिहिल्या. त्यांत कोणतंही विशेषण नव्हतं.

१९९८ च्या जूनमध्ये, शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, कुसुमच्या शाळेत एक पोस्टकार्ड आलं. दवाखाना वेगळा होता, गावही वेगळं. त्यात पांढऱ्या डागांवर खात्रीशीर उपचार सुचवला होता. नाव होतं, कुमारी कुसुम राघो.