कावळ्यासाठी आणलेली बाटली

नवऱ्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. नदीकाठच्या बाभळीवर कावळे बसले होते, खाली बघत होते, पण उतरत नव्हते. ऊन चढलं. मेलेल्याची इच्छा मागं राहिली असेल, तर ती पुरी करू असं घरच्यांनी मोठ्यानं सांगायचं असतं. म्हणून मला पुढं ढकललं. मी हात जोडून म्हणाले, "तुमच्या धाकट्या भावाला मी सांभाळीन." कावळे हलले नाहीत. मग चुलतसासरे वैतागून म्हणाले, "आरं, त्याला जे आवडायचं ते ठिवा की!"

धाकटा दीर मोटारसायकल घेऊन गेला आणि देशीची बाटली घेऊन आला. ती पिंडाभोवती ओतली. थोड्या वेळानं एक कावळा उतरला, भाताला चोच लावून उडाला. "सुटला गडी," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. जी पिऊन माझा नवरा पिवळा पडत पडत मेला, तिचाच वास त्या भाताला येत होता. मी बाजूला जाऊन ओकले. बायकांना वाटलं, दुःखानं.

शब्द मात्र मी दिला होता, आणि दीर रोज पीत होता. पाटोद्यात मी मुलींना मराठी शिकवते. शाळा सुटली की उपाय विचारत फिरायचे. औषधाच्या दुकानात एक पूड मिळाली. "वरणात घाला मॅडम, त्याला कळू द्यायचं न्हाई." ती पूड मी फेकली. चोरून खाऊ घालायला तो काही उंदीर नव्हता. दारू सुटावी म्हणून सासूबाईंनी त्याला तुळशीची माळ घातली. प्यायला जाताना तो माळ काढून खुंटीला अडकवायचा आणि परत आला की हात धुऊन गळ्यात घालायचा. त्या हात धुण्याची मला दारूपेक्षा जास्त किळस यायची.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरनं सांगितलं. नवऱ्याच्या पोटातलं पाणी काढायचे, तेव्हा ती असायची. बीडला रविवारी दुपारी एका शाळेत दारू सोडू बघणारी माणसं जमतात, फुकट असतं, घरचं माणूसही बसू शकतं. दिराला म्हटलं, "भाऊजी, एकदा चला." तो म्हणाला, "तुमच्यासाठी येतो, वहिनी. माझं काय एवढं लई न्हाई."

पहिलीचा वर्ग होता. भिंतीवर अ अननसाचा. बुटक्या बाकांवर मोठे पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसले होते. फिनेल, गुटखा आणि घाम यांचा मिळून एक वास कोंडला होता. मी पदर नाकाला लावला. एकेक जण उठून स्वतःची गोष्ट सांगत होता. एकानं सांगितलं, पिऊन उकिरड्यावर झोपला होता आणि शेजारच्या डुकरिणीला बायको समजून 'सरकून झोप' म्हणत होता. वर्ग खदखदून हसला. रंगलेले दात, थुंकीचे शिंतोडे. त्या बायकोनं त्या रात्री काय केलं असेल, हे कुणी विचारलं नाही. माझ्या घरातलं मरण या लोकांच्यात विनोद होऊन बसलंय, असं मला वाटलं.

मग दीर उठला. "भावाच्या दहाव्याला कावळा शिवंना. मला बाटली आणाया धाडलं. गेलतो. येताना अर्धी वाटंतच पिलो, आन् वर हापशाचं पाणी भरलं. कावळ्याला काय कळतंय!"

"कावळ्याला बी फसवलं का बे!" मागून एक जण ओरडला. बाक बडवले गेले. दीर हसत होता, पण बघत माझ्याकडं होता. मी मान खाली घातली. बाटली ओतताना मी हात जोडून उभी होते, तेव्हा हा पिऊन शेजारी उभा होता.

एक म्हातारे गृहस्थ हसले नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, "आन् मग?"

दीर खाली बसला. चहा आला. पेल्याच्या काठाला कुणाच्या तरी ओठांचा डाग होता; मी चहा तसाच ठेवला.

परतीची जीप मांजरसुंब्याला थांबली. ढाबे, ट्रक, आणि त्यांच्या मागं बिअर बारची पाटी. दीर उतरला. मी उतरले नाही, मागं वळूनही पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं तो येऊन शेजारी बसला.

"वहिनी, फुडच्या रविवारी तुमी येऊ नका."

"म्हणजे तुम्ही जाणार नाही."

"जानार हाय."

"मग मी कावून नको?" रागात माझ्या तोंडून त्याचीच भाषा आली.

"तुमी बसल्या की मला हसवून सांगावं लागतंय. त्या म्हाताऱ्यानं इचारलं ना, आन् मग? ते तुमच्याम्होरं सांगता येत न्हाई."

"मी बाहेर थांबेन."

"भाईर बी नको."

त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. माझा नवराही बडीशेप खाऊनच घरी यायचा. तिच्याखाली दुसरा वास आहे का, हे मला एका श्वासात कळलं असतं. इतक्या वर्षांत तेवढं तर मी शिकले होते. मी तोंड खिडकीकडं केलं, बाहेरची धूळ आत घेतली आणि म्हणाले, "बरं. एकटे जा."