मांड्यांची ऑर्डर

मी माझ्या आईचे मांडे विकायला काढले आणि आईला सांगायचं विसरलो.

अगदीच विसरलो असंही नाही. सांगू सांगू म्हणत होतो. पण फोनमधल्या कोर्सचा चष्मेवाला सर दुसऱ्याच धड्यात म्हणाला होता की आधी बाजाराचा अंदाज घ्या, मग बाकीचं बघा. सर हिंदीत बोलायचा, मागे निळा पडदा, आणि बोलताना दोन्ही हात असे फिरवायचा की जणू हवेतलीच गोणी उचलतोय. मला तो फार आवडायचा. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला ‘उद्योजक’ म्हणत होतं. तेही रोज, आणि फुकट.

तेव्हा मार्केटमध्ये मंदी होती. मी ज्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मास्तर आहे, तिथली रात्रपाळी बंद झाली होती आणि दिवसाचीही अर्धी यंत्रं झाकून ठेवली होती. इथे गुजरातेत, डिंडोलीच्या आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष ओट्यावर बसून होते. मी ओट्यावर बसून आहे हे बघून पोरीने माझ्या फोनवर तो कोर्स चालू करून दिला. ‘व्यवसायाची ओळख’. व्हिडिओ बघायचे, प्रश्नांची उत्तरं द्यायची, शेवटी सर्टिफिकेट. “पप्पा, आ तमारा माटे छे,” ती म्हणाली. पोरगी घरात आमच्याशी मराठीत भांडते आणि प्रेमाचं काही बोलायचं असलं की गुजरातीत बोलते.

दुसऱ्या धड्याचा गृहपाठ असा होता: तुमच्या जवळचं असं काय आहे, जे लोकांना हवंय आणि जे दुसऱ्या कोणाला जमत नाही? मी घरभर नजर फिरवली. माझ्याकडे काहीच नव्हतं. बायकोकडे राग होता, पण तो लोकांना नको होता. मग दारात गहू निवडत बसलेली आई दिसली.

आई खापरावर मांडे करायची. आमच्या खानदेशात पुरणपोळी लाटून तव्यावर टाकत नाहीत. पुरणाचा उंडा हातावर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर सोडतात. पातळ, रुमालासारखा. गल्लीतल्या तरुण बायकांना लाटायला यायचं, भाजायला यायचं, पण झुलवायला फक्त आईला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी गल्लीतच विटांची चूल मांडली जायची आणि बायका आपापलं भिजवलेलं पीठ, आपापलं पुरण, बगलेत दोन लाकडं घेऊन यायच्या. बोलावणं कोणी कोणाला करत नसे. एकीने उंडे भरायचे, एकीने जाळ सांभाळायचा, बाकीच्यांनी नवऱ्यांची निंदा करायची. आई मधे बसून हात फिरवायची. घराघराचे मांडे घराघरात जायचे, पितरांच्या नावाने भरलेल्या घागरीपुढे ठेवले जायचे, आणि मगच माणसं जेवायची. याच बायका नंतर आईचे पापड लाटून द्यायच्या, तिला दवाखान्यात न्यायच्या. याला काही नाव नव्हतं. म्हणून मला वाटलं, अजून कोणी याचा धंदा केलेला नाही.

आणि तिथे उभा असायचा समोरच्या घरातला भाऊ. माझ्याच खात्यात कारागीर, आमच्याच तालुक्यातला. मांडा फाटला तर तो घागरीपुढे चालत नाही. म्हणून हा गडी चुलीजवळ फाटक्याची वाट बघत उभा राहायचा. “मावशी, एक फाड ना,” असं खुशाल म्हणायचा. आई त्याला शिव्या घालायची आणि थोड्या वेळाने तिचा हात नेमका चुकायचा. तिचा हात चुकत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं.

तो त्या हिवाळ्यात गेला. ताप म्हणून दवाखान्यात नेला, तो परत आलाच नाही. म्हणजे येणारी आखाजी ही त्याच्या घागरीची पहिली आखाजी होती. आमच्याकडे त्या पहिल्या घागरीला फार जपतात. गेलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा पितरांच्या पंगतीला बसतो, असं मानतात. होळी झाल्यावर आईने खापर माळ्यावरून काढून घेतलं, पाण्यात भिजवलं, चुलीवर तापवून पाहिलं. “औंदा चांगला व्हवाले पाहिजेत,” एवढंच म्हणाली. कोणासाठी, ते विचारायची गरज नव्हती.

आणि मी, उद्योजक, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. ‘आखाजीनिमित्त अस्सल खापरावरचे मांडे. ऑर्डर आधी नोंदवा.’ खाली दर. त्याच्याखाली आईचा फोटो, भाचीच्या लग्नातला, नथ घातलेला. मला फक्त बाजाराचा अंदाज घ्यायचा होता. सरांनी सांगितलं होतं, दोन-चार जण जरी हो म्हणाले तरी कल्पना चांगली समजा.

अख्खी गल्ली हो म्हणाली.

मी दिवसभर फोन हातात घेऊन नाचलो. पैसे येत होते, प्रत्येकासोबत नमस्काराचं चित्र येत होतं. बायको म्हणाली, “आईंना विचारलं का?” मी म्हणालो, “सरप्राइज.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की कोर्समध्ये त्या नजरेवर एक स्वतंत्र धडा पाहिजे होता.

आईला कळलं ते आखाजीच्या आदल्या संध्याकाळी, शेजारणीने दारातून “मावशी, आमचे सकाळी जरा लवकर द्या हां,” म्हटलं तेव्हा. आईने मला हाक मारली.

“पोऱ्या, काय करी ठेवं तू?”

मी सांगितलं. कोर्स, सर, बाजार, सगळं. ती गहू निवडताना खडा बघावा तशी माझ्याकडे बघत होती.

“पैसा लिधा?”

“लिधा.”

“मंग करनं पडी,” ती म्हणाली आणि उठून डाळ भिजत घातली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी चूल पेटली. आई बसली, बायको उंडे भरायला बसली, मी लाकडं सारायला. आणि गल्लीतून कोणीच आलं नाही.

कोणी रागावलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. उलट होतं. सगळ्यांनी मेसेज वाचून एकच अर्थ काढला होता: मास्तरचं काम बसलंय, म्हातारीला या वयात कमवायची वेळ आली. आता आपण फुकटचं पीठ घेऊन कसं जायचं? ऑर्डर दिली तर तेवढीच मदत. आणि विकत घ्यायचं म्हटल्यावर चुलीपाशी येऊन बसायचं कशाला? हॉटेलच्या भटारखान्यात कोणी बसतं का? चांगली माणसं होती हो. म्हणून तर कोणी आलं नाही.

आई एकटी झुलवत राहिली. ना कोणाच्या नवऱ्याची निंदा, ना आखाजीचं एखादं गाणं. कढईत पुरण, समोर जाळ, वर वैशाखाचं ऊन. घरातून पोरं डबे घेऊन यायची, “मावशी, आमची ऑर्डर,” म्हणायची आणि जायची. मांडे फाटायला लागले. आधी एखादा, मग लागोपाठ. फाटलेले ताटात रचले जात होते आणि मागे उभं राहून मागणारा कोणी नव्हता.

मधे मधे ती मान वर करून समोरच्या दाराकडे बघायची. दार उघडं होतं. आत वहिनी, म्हणजे भाऊची बायको, फिरताना दिसत होती. येईल, पीठ घेऊन येईल, असं आईच्या मनात असणार. आपण होऊन जायचं तिच्या स्वभावात नव्हतं आणि रीतीतही नव्हतं. पहिल्या घागरीचं पीठ त्या घरातूनच यायला हवं. ऊन चढलं तरी वहिनी आली नाही. शेवटी आईने आमच्याच पिठाचे चार मांडे अगदी जीव लावून केले. चारही अख्खे. ताटात ठेवले, वर कापड टाकलं, पदर सारखा केला आणि रीत बाजूला ठेवून रस्ता ओलांडून समोर गेली.

मी चुलीजवळून बघत होतो. दारात दोघी उभ्या राहिल्या. वहिनी काहीतरी बोलली, आईच्या हाताला हात लावला. आई ताट घेऊन तशीच परत आली.

“काय झालं?” मी विचारलं.

“त्यानं जेवन व्हई गयं,” ती म्हणाली.

भाऊचं जेवण झालं होतं. वहिनीने मेन रोडच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या पोळ्या आणल्या होत्या, त्याच घागरीपुढे ठेवल्या होत्या, घास अग्नीत सोडून झाला होता. मांडे फुकट मागायला तिला लाज वाटली, आणि मावशीच्या हातचे मांडे, तेही त्याच्या घागरीसाठी, विकत घ्यायला तिचा जीव झाला नाही. हे ती माझ्या बायकोजवळ रडत बोलली, बऱ्याच दिवसांनी.

त्या रात्री आईला मी पैसे द्यायला गेलो. मला वाटलं, फेकून देईल. ती म्हणाली, “बाटला संपना शे. गॅसना बाटला लई ये.” मग भिंतीकडे तोंड करून झोपली. हात दुखत होते तिचे. खांद्यापासून.

माझा कोर्स मात्र जोरात होता. शेवटच्या धड्यात प्रश्न आला: तुमच्याकडे न आलेला एक ग्राहक निवडा. तो का आला नाही, ते एका शब्दात लिहा. बाहेर वहिनीच्या घरचा पंखा किरकिरत होता. मी लिहिलं, ‘किंमत’. उत्तर बरोबर निघालं. हिरवी खूण आली, फोनमध्ये रंगीत कागदाचे तुकडे उडाले आणि माझ्या नावाचं सर्टिफिकेट आलं. पोरीने ते फ्रेम करून आणलं. आईने विचारलं, “कशानं शे?” मी म्हणालो, “पास झालो.” तिने हात लावून काच पुसली. “चांगलं शे,” म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत, सगळी खाती बंद आणि अर्धी गल्ली गावाला गेलेली असताना, आई गेली. सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत. तिला शेवटचं लुगडं वहिनीने नेसवलं. मी त्या दिवशी वहिनीशी बोलायला तोंड उघडलं होतं. पण माणसं येत राहिली आणि मी ते मिटून घेतलं.

मग आखाजी आली. आता पहिली घागर आईची होती.

बायको म्हणाली, “वहिनींना सांगा. त्यांना थोडं जमतं.” मी कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांच्या नवऱ्याला दुकानातल्या पोळ्या खायला लावणारा मीच. म्हणून मी ठरवलं, मीच करीन. कोर्सने एक गोष्ट शिकवलीच होती, की फोनवर सगळं शिकता येतं. मी मांड्यांचे व्हिडिओ बघितले. फार सोपं होतं. बाई हात फिरवायची आणि मांडा मोठा व्हायचा.

पहाटेच चूल मांडली. पहिला उंडा हातावर घेतला, झुलवला, आणि तो खाली गेला. दुसरा खापराऐवजी जळत्या लाकडांवर पडला. तिसरा माझ्या डोक्यावरून मागे. पुरण कानात गेलं. पोरगी दारात उभी राहून हसता हसता रडायला लागली. “पप्पा, रेवा दो ने,” म्हणाली. पण मी कसला राहू देतोय! आई पितरांच्या पंगतीला पहिल्यांदा बसणार आणि तिच्यापुढे काय, दुकानातली पिशवी? चौथा कोपरापर्यंत आला. मी ओरडलो, “आला, आला!” आणि तो मधून फाटला.

समोरचं दार वाजलं. वहिनी आली. एका हातात भिजवलेल्या पिठाचं पातेलं, बगलेत दोन लाकडं. माझ्या कानातल्या पुरणाकडे एकदा बघितलं. पदर खोचला.

“उठ आठून.”

मी उठलो. ती आईच्या जागेवर बसली. तिचे पहिले दोन बिघडले, तिसरा बरा झाला, चौथा खापरावर रुमालासारखा पसरला. आईसारखा नाही. पण अख्खा. माझी बायको न सांगता उंडे भरायला बसली. शेजारणीने दारातून पाहिलं, आत गेली आणि आपलं पीठ घेऊन आली. तिच्यामागे अजून एक.

मी पाठीमागे उभा होतो, भाऊ उभा राहायचा तिथे. आता बोलायला हवं होतं. मी घसा साफ केला आणि माझ्या तोंडून कोर्समधल्यासारखंच काहीतरी बाहेर पडलं.

“वहिनी, मागच्या आखाजीला माझा अंदाज चुकला. म्हणजे मला फक्त बघायचं होतं की लोकांना—”

तिच्या हातावरचा मांडा फाटला. आपोआप फाटला की तिने फाडला, मला ठाऊक नाही. तिने तो घडी करून मागे न बघता माझ्या हातात दिला.

“खाय, आनि गप ऱ्हाय,” ती म्हणाली. “तुनी माय इतली हुशार व्हती. तू कोनावर गया रे, भाऊ?”