लाखांदूरचं खत

आमच्या ह्यांना खोटं बोलायचं असलं की हात आधी कानाकडे जातो. गेल्या वर्षी धानाच्या रोवणीत ते कान चोळत म्हणाले, लाखांदूरला जाऊन खत आणतो. आमचं गाव अड्याळजवळ. खत अड्याळला मिळत असताना एसटीत बसून लाखांदूर कशाला? संध्याकाळी ते रिकाम्या हातांनी परतले. खत संपलं होतं म्हणे. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मग दुसरी गोष्ट. जन्मात स्वतःचा रुमाल न धुतलेला माणूस आंघोळ झाली की आपली चड्डी आपणच धुऊन घरामागे वाळत घालू लागला. विचारलं तर म्हणाले, रोवणीत तुला कामं काय कमी आहेत? माझी अशी अचानक दया आलेला नवरा मला अजिबात आवडला नाही.

त्यानंतर त्यांच्या मांड्या दुखायला लागल्या. रोवणीत कोणाच्या दुखत नाहीत? दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावणाऱ्या आम्हा बायांच्याही दुखतात, पण बांधीतल्या शेतातून घरी येऊन गरम पाणी घेतलं की उतरतात. ह्यांना तर पाटावरून उठताना भिंत धरावी लागायची. माझा संशय ह्यांच्या रोजच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर गेला. धडधाकट माणसाच्या मागे जन्मभराची गोळी लावणारा तो भंडाऱ्याचा डॉक्टर मला पहिल्यापासूनच खटकत होता.

एका सकाळी ह्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, लघवी काळ्या चहासारखी होते आहे. हात कानाकडे गेला नाही. मी घाबरले.

डॉक्टरांशी भांडायचं ठरवूनच मी ह्यांना घेऊन भंडाऱ्याला गेले. त्यांनी आधी विचारलं, या गोळीबरोबर आणखी काही औषध चालू आहे का? हे नाही म्हणाले आणि कान चोळला.

"डॉक्टरसाहेब, हे खोटं बोलून राहिले," मी म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना पडद्याआड नेऊन तपासलं, तेव्हा सगळं उघडं पडलं. ओल्या कपड्यांत दिवस काढून जांघेत गजकर्ण झालं होतं, आणि लाखांदूरच्या मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूल हे रोज गुपचूप घेत होते. डॉक्टर म्हणाले, त्या कॅप्सूलमुळे कोलेस्टेरॉलची गोळी अंगातून लवकर जात नाही, रक्तात वाढत राहते आणि स्नायूंची नासाडी करते. नासलेल्या स्नायूंचा तोच गाळ लघवीवाटे उतरत होता. आणखी उशीर झाला असता तर किडन्यांवर बेतलं असतं. दोन्ही औषधं तिथल्या तिथे बंद झाली आणि ह्यांना सलाईन लागलं.

मी खाटेशेजारी बसले. राग इतका आला होता की रडूच येत होतं.

"माह्यापासून काहून लपवलं?"

ते वर पंख्याकडे बघत म्हणाले,

"तुले सांगतलं असतं तं तू पहिले इचारलं असतं, जांघेतलं हे कोण्या बाईपासून घेऊन आले म्हणून."

कान चोळला नाही. मी त्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि गप्प बसले, कारण नेमका तोच प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता.